पऱ्हाटीच्या राखेचा साबण

मानोरा,
पौष शुद्ध दशमी, शके १८६५

ती. दादास,

हौसाचा शि. सा. न. वि. वि. तुमचं पत्र भेटलं. इकडं सारे खुशाल हाओत, असं लिव्हाची रीत हाय म्हणून लिव्हलं, पण खरं सांगाचं त सारे खाजवून राह्यले.

दिवाळीपासून गावात खरूज आली हाय. आधी पोट्ट्यांच्या बोटाच्या बेचक्यात, मंग कोपरावर, मंग घरच्या घर. मागच्या हप्त्यात मास्तरानं खरूजवाले सारे लेकरं घरी लावून देल्ले. त्यात आपली तुळसा बी. चौथीत पोरगी म्हणून ते एकटीच. मास्तर वाईट नाई, त्याले वरून हुकूम हाय. होळीच्या आधी सरकारी दवाखान्यातला डॉक्टर येईन, ज्याचं आंग साफ त्यालेच परीक्षेले बसू देईन, असं त्यानं तुळसेच्या बाबाले सांगतलं.

सासूबाईले आयतंच सापडलं. नाव लिव्हता आलं, पोथी वाचता आली, आता काय पोरीले तहसीलदार कराचं हाय, असं त्या इचारतात. दिग्रसकडचे पाहुणे येऊन पोरगी पाहून गेले, हे तुमाले ठाऊकच हाय. परीक्षा हुकली त शाळा संपली, अन् शाळा संपली त लगन लागलं समजा. तुळसेचे बाबा ढोराले चारा टाकाले जातात अन् तिथंच बसून राह्यतात.

आंग रोज साबणानं धुवा, असं मास्तर म्हणते. पण साबण हाय कुठं? दुकानदार म्हणते लढाईवर गेला. लढाईवर मानसं जातात हे मले ठाऊक होतं, साबण बी जाते हे यंदा समजलं. गावातले लोक म्हणतात खरूज बंजाऱ्याईच्या तांड्यावरच्या पोरांनी आणली, तांड्यावरचे म्हणतात गावातून आली. भांडण जोरात हाय, धुणं कोणाचंच नाई.

कारंज्यात साबण भेटला त मोटारवाल्याच्या हाती पाठवा. वयनीले नमस्कार. आमच्यावरची माया साबणासारखी बाजारातून गायब होऊ देऊ नका, हे मागणं.

तुमची
हौसा

—

कारंजा,
ता. १२ जानेवारी १९४४

चि. सौ. हौसास,

दौलतरावाचे अनेक आशीर्वाद. पत्र वाचून आधी हसू आलं, मग तुळसेचं वाचून हसू गेलं.

वांग्यांची गाडी उतरवून सगळा बाजार पालथा घातला. साबण नाही. एका दुकानदाराकडे होता, पण तो ओळखीच्यांसाठी ठेवलेला. मी त्याला गेली कित्येक वर्षं भाजी देतो, तरी माझी ओळख त्याला पटली नाही. उद्यापासून त्याला माझी वांगी ओळखणार नाहीत.

तुझ्या वहिनीनं मात्र एक वाट सांगितली आहे. तिच्या माहेरी गोधड्या धुवायला आणि अंगाला लावायलाही घरीच पातळ साबण करत. तेल आणि राखेचं पाणी, एवढंच लागतं. राख पऱ्हाटीची घ्यायची. कापूस वेचून झाल्यावर तुमच्याकडे पऱ्हाट्यांचे ढीग पडलेले असतात, त्या जाळायच्याच असतात. मडक्याला खाली भोक पाडून तळाशी गवत घालायचं, वर राख दाबून भरायची आणि कढत पाणी ओतायचं. खाली झिरपेल ते खारं पाणी. त्यात तेल घालून लोखंडी कढईत शिजवत राहायचं. पितळेचं भांडं नको.

तेल सोबत पाठवतो आहे. करंजाचं आहे. घाण्यावरच्या माणसानं सांगितलं की खरजेवर हेच उत्तम. वास उग्र आहे, म्हणून वहिनीनं वाळ्याच्या मुळ्या बांधून दिल्या आहेत.

तुझ्या सासूबाईंना, सोजरबाईंना, माझा नमस्कार सांग आणि वाद घालू नकोस. तुळसेला म्हणावं, घरी बसून पाढे विसरलीस तर मामा भाजीच्या हिशोबाला बसवेल. आठवण काढत जा, इकडे रोजच निघते.

तुझा
दौलतदादा

—

मानोरा,
पौष वद्य द्वादशी

ती. दादास,

शि. सा. न. वि. वि. तुमी सांगतलं तसंच केलं अन् पार फजिती झाली.

खारं पाणी काढलं, तेल टाकलं, दिवसभर चुलीपाशी बसली. तेल वर अन् पाणी खाली. ढवळलं की एक होये, हात थांबला की अलग. दोन जावांसारखं. शेवटी तुळसा म्हणे, आई, तसंच लावून पाहू. लावलं. पोरगी चिकट झाली, वास असा सुटला का कुत्रं बी दारातून उठून गेलं. सासूबाई ओसरीवरून म्हणाल्या का दिग्रसवाले आता आले त बरं, वास घेऊन स्वतःच नाई म्हणतीन.

म्या हसून देल्लं, पण मंग न्हाणीत जाऊन रडली. सरपण गेलं, तेल गेलं, दिवस बी गेला. आठ दिवस झाले तुळसा शाळेच्या कुडाबाहेर उभी राहून आतले पाढे आयकते. मास्तराले दिसते. तो आवाज थोडा मोठा करते.

तेल अर्धं उरलं हाय. वयनीले इचारा, माहं कुठं चुकलं? उत्तर लवकर पाठवा. तुमच्या पत्राकडं डोळे लावून बसणारी,

हौसा

—

कारंजा,
ता. २५ जानेवारी १९४४

सौ. नणंदबाई हौसाबाईंस,

गिरजेचा नमस्कार. या खेपेस पत्र मीच लिहिते आहे, अक्षर गोड मानून घ्या. तुमचं काहीच चुकलं नाही. तुमच्या भावाचं चुकलं. मी चुना सांगितला होता, त्यांनी तो लिहिलाच नाही. विचारलं तर म्हणतात, चुना पानाला लागतो, साबणाला कशाला लागेल असं वाटलं. आज त्यांना जेवणात मीठ घातलं नाही. कशाला लागेल असं मलाही वाटलं.

आता नीट ऐका. राखेच्या पाण्यात कळीचा चुना विरवा, झाकून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी वरची निवळ तेवढी घ्या. गाळ घेऊ नका. त्यात बटाटा टाकून पाहा. बुडाला तर पाणी कच्चं, ते आटवा. तरंगला तर झालं. हे पाणी चावतं, हाताला लागू देऊ नका आणि लेकरांना जवळ येऊ देऊ नका. मग तेल तापवून त्यात ते थोडं थोडं सोडा आणि लाकडी उलथन्यानं ढवळत राहा. आधी फाटल्यासारखं दिसेल. घाबरू नका. मग घट्ट होईल, मग काकवीसारखं तारेला येईल. थेंब पाण्यात टाकल्यावर वर तेल दिसलं नाही की उतरवा. चार दिवस मुरू द्या. आधी स्वतःच्या मनगटावर लावून बघा. चुरचुरलं तर तेल घालून पुन्हा शिजवा.

आणि एक गोष्ट. नुसतं अंग धुऊन खरूज जात नाही. घरातली सगळी माणसं एकाच दिवशी न्हाली पाहिजेत. कपडे, गोधड्या उकळल्या पाहिजेत. एक घर राहिलं तर त्या घरातून ती परत येते.

तेलाचा आणखी एक डबा पाठवते. माहेरवाशिणीचा हक्क आहे, मोजू नका. तुळसेचा पापा घ्या.

तुमची
गिरजावहिनी

—

मानोरा,
माघ वद्य चतुर्दशी

ती. दादास व वयनीस,

दोघांच्या पायावर डोकं ठेवून नमस्कार. वि. वि. बटाटा तरंगला.

आधी हेच लिव्हाचं होतं. मंग कढईत तेल अन् पाणी असं एक झालं का मले माह्या डोळ्यावर भरोसा बसेना. दुपारपर्यंत ढवळलं. हात गळून गेला तवा तुळसेच्या बाबानं उलथनं हातात घेतलं. लगन झाल्यापासून मानूस पहिल्यांदा चुलीजवळ बसला. शेवटपर्यंत उठला नाई. संध्याकाळी काकवीसारखा लाल रस तयार झाला. मुरू देल्ला, मनगटावर लावून पाह्यला. चुरचुरला नाई. पाण्यात चमचाभर टाकला अन् फेस. दादा, घरचा फेस. सासूबाई लांबून पाहत होत्या, मंग जवळ आल्या, मंग हात धुतला, मंग दुसरा बी धुतला.

पण वयनीनं लिव्हलं होतं का एक घर राह्यलं त खरूज परत येते. शाळेत एकाच तरटावर गावातले अन् तांड्यावरचे लेकरं बसतात. म्हणून मी साबणाचं मडकं घेऊन तांड्यावर गेली. गावातल्या बायांनी नावं ठेवली, ठेवू द्या. तांड्याचा मुख्य, हरिसिंग नाईक, खाटेवर बसून होता. त्यानं मले बसाले बी नाई सांगतलं. तो म्हणे, गाव आमच्या लेकराले घाण म्हणते, अन् आता गावातून साबण आला. न्या तुमचा तुमी परत.

मी म्हटलं, “नाईक, मी साबण द्याले नाई आली. तुमची कढई मागाले आली. माही लहान पडते.”

तो खाटेवरून उठला. मंग त्यानं हाक मारली अन् लग्नकार्यातली मोठी कढई बाहेर काढाले लावली. दुसऱ्या दिवशी तांड्याच्या बायाच पऱ्हाटी घेऊन आल्या. त्याईच्यातली, तुळसेच्या वर्गातल्या हेमलाची आई असं ढवळते का मले बाजूले बसवून देल्लं. त्याईनं करंजाच्या बिया बी गोळा केल्या, घाण्यावरून तेल काढून आणलं. आता तुमच्याकडून डबा नको.

गावानं अन् तांड्यानं एकच दिवस ठरवला. घरोघर चुली पेटल्या, गोधड्या उकळल्या, नाल्यावर लेकरांची रांग लागली. गावातली जे बाई सगळ्यात जास्त नावं ठेवत होती, तेच आपला लोटा घेऊन पहिली आली. असं हप्त्यानं पुन्हा केलं, मंग पुन्हा. तुळसेची बोटं कोरडी पडली हाओत, नवी कातडी आली हाय. रातची खाजवत नाई, झोपते. तिले झोपलेली पाहून मीच जागी राह्यते.

डॉक्टर होळीच्या आधी येणार हाय. काय होईन ते कळवीन. तवर आमच्यासाठी देवाजवळ दोन शब्द टाकत जा.

तुमची
हौसा

—

मानोरा,
चैत्र वद्य प्रतिपदा, शके १८६६

ती. दादा व वयनी यांस,

हौसाचा शि. सा. न. वि. वि. पत्राले उशीर झाला, राग धरू नका. सारं संपल्यावरच लिव्हाचं ठरवलं होतं.

डॉक्टर आला. शाळेच्या अंगणात सारे लेकरं उभे केले, गावातले अन् तांड्यावरचे मिसळून, कारण ओळ मास्तरानं उंचीप्रमाणं लावली. डॉक्टरानं एकेकाच्या बोटाच्या बेचक्या उघडून पाह्यल्या, कोपरं पाह्यली, सदरे वर करून पाठी पाह्यल्या. शेवटल्या लेकरापर्यंत गेला अन् चष्मा पुसून परत पहिल्याकडं आला. मंग मास्तराले म्हणे का आजूबाजूच्या गावात अर्धी शाळा घरी बसली हाय, इथं काय केलं? मास्तरानं तुळसेले पुढं केलं. डॉक्टरानं तिले इचारलं, बाई, साबण कोण्या कंपनीचा? ते म्हणाली, माह्या आईचा.

मी कुडाबाहेर उभी होती. तिथून आयकलं.

त्यानं दवाखान्यासाठी बाटली मागून नेली. मागच्या हप्त्यात मानूस पाठवून रीत लिव्हून नेली, चुन्यासकट. (दादा, हे तुमच्यासाठी.) आता मानोऱ्याच्या बाजारात बाया मले रस्त्यात थांबवून पाणी किती अन् तेल किती इचारतात. हेमलाची आई अन् मी पाळीपाळीनं सांगतो.

सारे लेकरं परीक्षेले बसले. काल निकाल लागला. तुळसा पास झाली, अन् तांड्यावरचा हेमला बी. मास्तरानं पेढे वाटले, गूळ घालून केलेले, पण पेढेच म्हणा. सासूबाईनं एक पेढा देवापुढं ठेवला अन् निकाल तुळसेकडून दोनदा वाचून घेतला.

आता खरी गोष्ट. आज सकाळी दिग्रसचे पाहुणे आले. पोरीची शाळा सुटली असन, तिथी काढू, असं म्हणत ओसरीवर बसले. तुळसेच्या बाबानं माह्याकडं पाह्यलं, म्या सासूबाईकडं. सासूबाईनं त्याईले पाणी देल्लं, हात धुवाले आपल्या हातानं घरचा पातळ साबण देल्ला, फेस निघेपर्यंत थांबल्या. मंग म्हणाल्या, “इथली शाळा चौथीपर्यंतच हाय, पोरगी कारंज्याले मामाकडं पाचवीत चालली. सातवी झाल्यावर या, अन् तवा बी आधी तिलेच इचारा.”

तुळसेचे बाबा उठून गोठ्यात गेले, पण बसून नाई राह्यले. बैल बाहेर काढून छकड्याले तेल देऊ लागले.

तुमाले न इचारता सासूबाईनं तुमच्या घरी पोरगी पाठवली, याचा राग येणार नाई हे मले ठाऊक हाय. सोमवारी येऊन राह्यलो. तुळसा सकाळपासून पाटी घासून राह्यली, अन् सासूबाई तिची वेणी घालता घालता तिले सांगून राह्यल्या का मामीच्या घरी भाजीचा हिशोब सांगतला त करजो, पण आधी शाळेत जाजो.

वाट पाहा. जेवाले आमी तिघं येऊ, तुळसा, तिचे बाबा अन् मी.

तुमची
हौसा