मधली खोली रिकामीच राहील

मी, खाली सही करणारा, वय सत्तावीस, शिक्षण सातवी नापास, हल्ली मुक्काम डोंगरावरची दुर्बीण, पूर्ण शुद्धीत आणि कुणी न पढवता हे लिहून ठेवतो. माझ्या काळजाला जन्मापासून भोक आहे, ते परवा डॉक्टर बुजवणार आहेत. भोकं भरायचंच माझं काम, पण या वेळी हात दुसऱ्याचा, म्हणून हा कागद. दादाने फोनवर माझ्याकडून जे काही वदवून घेतलं असेल ते रद्द.

कलम एक. वडिलांनी वाटणीत पुढची आणि मागची खोली दादाला दिली, मधली मला. दादाला भिंती पाडून सलग दुकान करायचंय. माझ्या पश्चात मधली खोली धाकट्या बहिणीची. तिने ती विकू नये, भाड्याने देऊ नये, कुलूप लावून रिकामी ठेवावी. दादाने जेवायला मागे जाताना अख्ख्या घराला वळसा घालावा, पावसातसुद्धा.

कारण असं, की आई त्याच खोलीत गेली आणि दादाने मला तिसऱ्या दिवशी कळवलं. "आधी का नाही सांगितलंस?" तर म्हणाला, "तू रिकामटेकडा. येऊन काय दिवे लावणार होतास?"

कलम दोन. मी रिकामटेकडा नाही. इथं धातूच्या गोल तबकड्या येतात. आकाशात जिथं दीर्घिका, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखा ताऱ्यांचा गोतावळा, तिथं तबकडीला भोक. दिवसभर मी भोकाभोकात काचेची बारीक तार खोचतो. दुर्बीण त्यातून उजेड घेते, दीर्घिका किती लांब ते कळतं, त्याचा नकाशा होतो. तो पहिल्यांदा भिंतीवर पाहिला तेव्हा माझी तंतरली. मधेमधे मोठमोठे कोरे भाग! सुट्टीच्या दिवशी जुन्या तबकड्या तपासत बसलो, शेवटी नकाशावाल्या बाईंना म्हणालो, "बाई, माझ्या हातून भोकं राहिली. काढा मला कामावरून."

बाई हसून हसून खुर्चीतून पडायच्या बाकी. "अरे वेड्या, तिथं जवळजवळ काही नाहीच! बहुतेक विश्व असंच रिकामं आहे. दीर्घिका सगळ्या कडेकडेने, भिंतींसारख्या."

"मग तेवढी जागा वायाच की."

"वाया कसली? ती फुगत जाते, म्हणून तर बाकी सगळं कडेला दाटतं."

दादा, वाचलंस?

कलम तीन. नकाशाची माझी प्रत दादाला. बाद झालेली एक तबकडी बहिणीला, ती मधल्या खोलीच्या खिडकीत टेकवून ठेवावी. दुसरी किल्ली वहिनीला, कारण आईला शेवटचं पाणी तिने पाजलं. आई काय बोलली विचारलं, तर वहिनी रडते. "ह्यांनाच विचारा, भाऊजी."

कलम चार. दादाला खोली हवीच असेल तर त्याने एकट्याने आत जावं, दार लोटून घ्यावं, आणि आईने शेवटी माझं नाव घेतलं होतं की नाही ते मोठ्याने सांगावं. रिकाम्या खोलीत आवाज घुमतो, बाहेर ऐकू येईल. खरं-खोटं वहिनी सांगेल. खरं बोलला तर कुलूप काढावं, भिंती पाडाव्यात, माझी हरकत नाही.

परवा मी वाचलो, तर दाराबाहेर मी उभा असेन.

सही: धाकटा

साक्षीदार: १. तबकड्यांना भोकं पाडणारा. (सही) २. इथला आचारी, लिहिता येत नाही, वाचून दाखवलं, पटलं म्हणाला. (अंगठा)

ठिकाण: तबकड्यांची खोली. नऊ मार्च, दुपार.