बाबांच्या सायकलचा भोंगा

१२ ऑक्टोबर १९६४
तारापूरला अणुशक्तीचं काम निघालं आहे आणि आमचे बाबा गुडघ्यांपायी सायकल सोडून ओटीवर बसले आहेत. पटत नाही.
यंदाही भाऊबीजेला सालवडच्या रंभाआत्याकडे ते सायकलनेच जाणार. दाराशी घंटी वाजली की आत्या ओवाळायचं ताट घेऊन धावत येते. एकही वर्ष चुकलेलं नाही. सायकल विलायती, माझ्याहून वयाने मोठी. ती म्हातारपणाला सोयीची करणं माझं कर्तव्य. घरात बी.ए. मी एकटीच.
बाबा म्हणाले, बैलगाडी हाय ना? त्यांना स्वावलंबन समजावलं. ते झोपले.

१५ ऑक्टोबर
बोईसरच्या वेल्डरकडून आडवा दांडा कापून खाली बसवून घेतला. आता पाय उंच टाकायला नको. वेल्डर म्हणाला, "चाचा, अब साडी पहनके भी चलाओ." बाबांनी घरापर्यंत मान वर केली नाही. भारावले असावेत.

१९ ऑक्टोबर
सीट खाली, हँडल वर, सीटवर काथ्याची गादी. बाबांचा अंगठा आखडतो, म्हणून घंटी काढून रबरी भोंगा लावला. मुठीत दाबला की पों पों.
"जमने, ह्यो तं पाववाल्याचा भोंगा हाय!"
प्रश्न भोंग्याचा नसून दृष्टिकोनाचा आहे, असं मी म्हणाले. आई बाबांना म्हणाली, येताना नरम पाव बघून आणा.

२५ ऑक्टोबर
चाचणी. बाबा देवळापर्यंत गेले! गुडघा कुरकुरला नाही. मात्र पों वाजताच बायका ताटल्या घेऊन बाहेर. साखरबाईने विचारलं, "पुंडलिकभाऊ, बेकरी कवा काढलीस?"
बाबा म्हणतात, घंटी लाव. तत्त्वाशी तडजोड नाही. लोकांना सवय होईल.

भाऊबीज, दुपार
बाबा सकाळी गेले आणि जेवायच्या आत परत. कपाळ कोरडं. विचारलं तर भोंग्याकडे बोट दाखवतात. गुडघे मात्र ठणठणीत!

भाऊबीज, संध्याकाळ
रंभाआत्या ताट घेऊन बैलगाडीने आली. रडत होती. "सकाळधरना वाट बघतंय. मेला पाववाला दारात तीनदा पों पों करून गेला. आतूनच वराडलं, आज सण हाय, पाव नको! पन माजा भाऊ काय आला नाय."
"तो पाववाला मीच! नको म्हनलीस, म्हनून परत फिरलो!" बाबा ओरडले.
आत्या हसून हसून ओटीवरच बसली. तिथेच ओवाळलं.
थोडक्यात, सायकल यशस्वी. भेटही झालीच.
बाबा आत्याला सोडायला बैलगाडीने गेले. आई म्हणाली, आता सायकल तूच घे आणि पाव घेऊन ये.
आणले. वाटेत भोंगा वाजवला नाही.