निळ्या डब्यातलं स्पिरिट

डाळिंबाच्या सालींचा अर्क तयार झाला आणि ज्यूसवाली ती म्हणाली, “पोट माझं दुखतं, तर आधी मीच पिणार.” त्या क्षणी सगळं पालटलं. म्हणून मी, वय एकवीस, फार्मसी कॉलेज अर्ध्यावर सोडलेला, प्रेमात असलो तरी पूर्ण शुद्धीवर, कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहीत आहे. अर्क अजून कोणी चाखलेला नाही, तेव्हा संध्याकाळी तिच्या ज्यूसच्या गाड्यावर पहिला घोट मीच हिसकावणार. मग होईल ते होवो.

कलम एक. डाळिंबाच्या वाळवलेल्या सालींचं पोतं तिला. साली तिच्याच गाड्यावरच्या. सूज उतरवणारा गुण दाण्यांपेक्षा सालीत जास्त, असं पहिल्या भेटीत मी तिला ऐकवलं. ती म्हणाली, “म्हणजे मी औषध फेकून देते आणि पाणी विकते?” तिथेच माझी विकेट पडली.

कलम दोन. तराजू, गाळणकागद कॉलेजला परत. सरांना मात्र छदामही नाही. “अर्क कोणीही काढेल, कशात भिजवलास ते आधी तपास,” असं चारचौघांत म्हणाले. मी बरणी आपटून निघालो तो निघालोच. माझा राग त्यांना लखलाभ.

कलम तीन. निळ्या डब्यात उरलेलं औषधी स्पिरिट काकांना. ते फर्निचरला पॉलिश करतात. मी त्यांच्याच खोलीत राहतो. आत्ता माझ्या खांद्यावरून वाचतायत.

“माझंच मला देतोस होय रे? माझा डबा गळायला लागला, म्हणून पॉलिशचं स्पिरिट निळ्यात ओतलं. तुझं त्या कॅनमध्ये आहे. सांगितलं होतं की!”

“कधी?”

“तिच्याशी फोनवर होतास. मान डोलावलीस.”

पॉलिशच्या स्पिरिटनं माणूस आंधळा होतो, मरतोही. साली मी निळ्या डब्यातल्या स्पिरिटमध्येच भिजवल्या. मी एकटाच आधी पिईन या भीतीनं अर्काची बाटली तिनं स्वतःकडे ठेवलीय. फोन उचलत नाही. मिक्सर चालू असला की तिला जगबुडीही ऐकू येत नाही. आणि संध्याकाळपर्यंत थांबणाऱ्यांतली ती नव्हे.

काका खाली स्कूटरला किक मारतायत, तेवढ्यात एवढंच: कलम दोनमधला राग रद्द. खोलीतल्या बरण्यांना कोणीही हात लावू नये, वासही घेऊ नये. एक, तीन सगळी कलमं रद्द. मला मरायचं नाही. तिला मरू द्यायचं नाही.

साक्षीदार: काका. सही आल्यावर करतील.
दुसरा साक्षीदार: ती. देव करो.
स्थळ: पॉलिशच्या कारखान्यामागची खोली. तारीख: आजचीच.

स्कूटर चालू झाली. दार ओढून घेतोय.