हिरवी तार

रविवार, ९ नोव्हेंबर

दादा,

नमस्कार गृहीत धर. इथे सगळे ठीक आहेत. तूही ठीक असशीलच. तुला कधी काही होत नाही, जे व्हायचं ते तुझ्या आसपासच्यांना होतं. फोन केला असता, पण फोनवर तू मध्येच बोलतोस आणि माझं सांगायचं राहून जातं. पत्रात मध्ये बोलता येत नाही.

भाचीसाठी पाठवलेला अ‍ॅम्प्लिफायर पोचला. आपल्या बँडचा, तोच काळा, कोपऱ्यावर सिगरेटचा डाग असलेला. इतक्या वर्षांत ना चिठ्ठी ना चपाटी, आणि एकदम हे धूड दारात! लेक हरखून गेली. मामा म्हणजे तिला देव. म्हटलं, उगाच कशाला दुधात मिठाचा खडा.

पण काय त्याची घरघर! खालच्या मजल्यावरच्या बाई वर येऊन विचारून गेल्या, "घरात गिरणी टाकलीत की काय?" लेकीने तुला फोन केला, तर तू म्हणालास, "आईला सांग. तिचे कान त्याच कामाचे आहेत." वा रे वा! बँडमध्येही माझं हेच काम होतं. तुम्ही सगळे चहा ढोसणार आणि मी फरशीवर बसून आवाज कुठून येतो ते हुडकणार.

बसले मग पुन्हा. आधी गिटारची वायर काढली. आवाज उतरला, गेला नाही. ती वायर टोकाशी हलवली की चरचरत होती, म्हणून बदलली. ट्यूबलाइट घालवली, ह्यांचा चार्जर उपटला. हे म्हणाले, "आता मी अंधारात बसू?" म्हटलं, "बसा." लेकीला गिटारसकट जागच्या जागी फिरवत गेले, तर खिडकीकडे तोंड केल्यावर आवाज आणखी उतरला. तू फोनवर शिकवल्याप्रमाणे तिने गेनचं, म्हणजे आवाज फुगवायचं बटण पार टोकाला नेलं होतं, ते अर्ध्यावर आणलं. बरीच शांतता झाली. तरी तळाशी एक जाड भुणभुण होतीच.

म्हटलं, गाऊन तर बघ. गिटार धरून तिने शेजारच्या स्पीकरला जोडलेल्या माइकजवळ तोंड नेलं आणि झटकन मागे घेतलं. पुन्हा नेलं, पुन्हा मागे. "काय गं?" तर म्हणे काही नाही. फार खोदल्यावर बोलली, "ओठांना मुंग्या येतात. मामा म्हणतो, भीतीने होतं तसं. तू म्हणे स्टेजवर घाबरून पडली होतीस. पण मी नाही हं तुझ्यासारखी होणार."

मी भिंतीतला प्लग ओढून काढला आणि उघडला. आत तीन तारा हव्यात. दोन जागेवर होत्या. तिसरी, हिरवी, अर्थिंगची, झटक्यापासून वाचवणारी, तीच कापलेली. तिच्या टोकाला काळी टेप, आणि टेपचं टोक दुमडून शेपटी सोडलेली, पुढच्या वेळी नखाने सोलता यावी म्हणून. अशी शेपटी आपल्या घरात एकच माणूस सोडतो.

आठवते ती दुपार? हॉलमध्ये अशीच घरघर होती. मी शोधून सांगितलं होतं की अ‍ॅम्प विजेच्या एका बोर्डावर आहे आणि माइकचा मिक्सर दुसऱ्या. दोन्ही एकाच बोर्डावर घ्या, लांब वायर तेवढी आणावी लागेल. तू म्हणालास, "आता कोण जाणार वायर आणायला?" मी कपडे बदलून आले तर आवाज बंद. "काय केलंस?" विचारलं तर म्हणालास, "जादू." सगळे हसले. मीही हसले.

संध्याकाळी कार्यक्रमात हात गिटारच्या तारांवर होता, ओठ माइकला लागले, आणि त्यानंतर मला आठवतं ते हॉलचं छत. मी जीव तोडून सांगत होते की झटका बसला. तू सगळ्यांसमोर म्हणालास, "घाबरली बिचारी." घरीही तेच सांगितलंस. आई तर शेवटपर्यंत म्हणायची, "आमच्या हिला गर्दी सोसत नाही." आणि दादा, मीसुद्धा ते खरं मानलं रे. पुन्हा कधी चारचौघांत गायले नाही. लेकीला झोपवताना गुणगुणायचे तेही दार लोटून.

माहीत नव्हतं असं म्हणू नकोस. मी डोळे उघडले तेव्हा तुझा चेहरा पांढराफटक झाला होता. तो मी आजवर माया समजत होते. आणि तीच कापलेली तार तू माझ्या लेकीच्या हातात दिलीस. विसरलो म्हणशील. तुला विसरता आलं, याचाच मला संताप येतो.

तार मी जोडली. कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिशियनकडून अ‍ॅम्प आतून तपासून घेतला. आतल्या एका भागातून वीज गळत होती, तो बदलला. आता अ‍ॅम्प आणि माइकचा स्पीकर एकाच बोर्डावर असतात. थोडी भुणभुण आहे, पंख्याएवढी. मुंग्या गेल्या.

माफी मागू नकोस. ती तुला फार छान जमते. त्यापेक्षा तुझ्याकडच्या बाकीच्या अ‍ॅम्पचे प्लग उघड. आजच, वाजवायला बसायच्या आधी. अजूनही माइकला ओठ चिकटवूनच गातोस, असं वहिनी म्हणाली. मला तुझी काळजी वाटते असं मुळीच समजू नकोस. मला वहिनीची वाटते. प्लग उघडलेस की तिला मला कळवायला सांग.

आणि भाचीला फोन कर. गिटारच्या गप्पा नकोत. एवढंच सांग, तुझी आई घाबरली नव्हती. मी सांगितलं तर तिला वाटेल, आई स्वतःची बाजू घेतेय. तुझं तिला खरं वाटतं. शनिवारी शाळेत तिचा कार्यक्रम आहे, त्याच्या आधी कर. तिच्या शेवटच्या गाण्याला दुसरा आवाज लागतो. तो मी देणार आहे, तिच्या शेजारी उभी राहून.

तेव्हाही न घाबरलेली,
तुझी धाकटी बहीण