बयाबाईंचा डबा

१४ फेब्रुवारी, राखेचा बुधवार

पहाटे पाच ते सहा — माझी वेळ! लेंटभर, म्हणजे ईस्टरपर्यंतचे चाळीस दिवस, साखळी प्रार्थना. एका घराने उठायचं, दुसऱ्याने गुडघे टेकायचे. पाळकसाहेब म्हणाले, एक कडी निसटली की साखळी गेली. पहाटेची वेळ कुणी घेईना, मी हात वर केला. रविराज हसले. "तुझं मन पाच मिनिटं तरी एका जागी बसतं का?" नवरा असून असं बोलणं! बघाच म्हणावं.

१५ फेब्रुवारी

गुडघे टेकले आणि काय काय आठवलं — लेकीच्या, शलोमीच्या गणवेशाचं बटण, आंबवायचं राहिलेलं पीठ, जाऊबाईंनी बारशात मारलेला टोमणा. प्रभू राहिला बाजूला. मोबाईल बंद करून तांदळात पुरला. धान्याच्या खोलीत बसून दार आतून लावलं. शलोमीला बजावलं, दार वाजवायचं नाही. संडासला लागली तर टॉर्च घे आणि आपली आपण जा. सात वर्षांची घोडी झालीय, परसातच तर जायचंय.

१९ फेब्रुवारी

ऊसतोड सुरू आहे. तिन्ही बाजूंचं रान मोकळं झालं, आमच्या परसामागचा फड तेवढा उभा. आणि आज पहाटे ऐन प्रार्थनेत — धडाड धडाड! शेजारच्या बयाबाई आमच्या परसात बसून तेलाचा रिकामा डबा बडवत होत्या. आटपाडीकडच्या, सगळा जन्म मेंढरं राखण्यात गेला, म्हातारपणी लेकाकडे पलूसला आल्या. मी म्हटलं, मावशी, हे काय?

"आगं, समदा ऊस तुटला. बिबट्या आता ह्यातच हाय. वाजत ऱ्हायलं की बाहिर येत न्हाई त्यो."

त्यांचा लेक धनाजी म्हणतो, "मेंढरं इकल्यापासनं आमच्या आयला समदीकडं जनावरंच दिसत्यात."

२० फेब्रुवारी

पुन्हा डबा.

२२ फेब्रुवारी

आजही. मी प्रार्थना करत नव्हते, दात खात होते. देवा, माफ कर.

कोपऱ्यावरचं लंगडं कुत्रं परवापासून दिसत नाही. गाडीखाली गेलं म्हणतात. पाण्याच्या टाकीजवळ चिखलात पंजा उमटलाय. कुत्र्याचाच असेल. पण कुत्रं तर —

नाही. भीती म्हणजे सैतानाचंच काम. तिकडे बघायचंच नाही.

२५ फेब्रुवारी, रविवार

चर्चमध्ये साक्ष दिली! बिबट्याच्या भीतीने शेजारीण कानाशी डबा वाजवते, तरी मी गुडघ्यांवरून उठत नाही, म्हणाले. सगळ्यांनी जोरात आमेन म्हटलं. अंगावर मूठभर मांस चढलं, खोटं कशाला बोलू. बाहेर पाळकबाईंनी हळूच विचारलं, "घरात कुणाला सांगितलंस का गं बिबट्याचं?" मी म्हटलं, बाई, विश्वास असला की भीती कसली.

रविराजना सांगितलेलं नाही. कारखान्यावर रात्रपाळी, उगाच जिवाला घोर. आणि ते प्रार्थनाच बंद करायला लावतील.

२६ फेब्रुवारी

शेवटी बोललेच. "मावशी, माझा देव आम्हाला राखतो. तुम्ही डबा वाजवू नका. मला शब्द द्या."

बयाबाईंनी उसाकडे पाहिलं. "राखत आसंल की. पर राखणारा जागा लागतुया, पोरी."

"माझा देव झोपत नाही," मी म्हटलं.

"त्यो न्हाई गं —" एवढं म्हणून थांबल्या. मग म्हणाल्या, "बरं. दिला शब्द. न्हाई वाजवणार." चहा अर्धाच ठेवून उठल्या. वाईट वाटलं, पण सुटलेसुद्धा.

२७ फेब्रुवारी

शांतता! पाखरूदेखील ओरडलं नाही.

२८ फेब्रुवारी

आत्ताच आमेन म्हटलं. दार उघडायच्या आधी हे लिहून ठेवते — आज पहिल्यांदा मन पुरतं लागलं. पीठ नाही, टोमणा नाही, फक्त प्रभू. रडूच आलं.

मध्ये एकदाच परसात डबा आपटल्यासारखा वाजला. मनात आलं, म्हातारीने शब्द मोडला! चरफडले, पण उठले नाही. नंतर काहीच नाही. शलोमीचीही हाक नाही. शहाणी झाली पोर.

२९ फेब्रुवारी

बयाबाई काल मिरजेच्या दवाखान्यात नेताना वाटेतच गेल्या.

शलोमी आज बोलली. रोज पहाटे आजीच तिला हाताला धरून संडासापर्यंत न्यायच्या आणि बाहेर बसून राहायच्या. काल ती बाहेर आली, तेवढ्यात उसात सळसळलं. आजींनी तिला परत आत ढकललं, बाहेरून कडी घातली.

"डबा हातातच होता, मम्मी. मी आतून हळूच म्हटलं, आजी, वाजव ना! तर म्हणाली, तुज्या मम्मीला शब्द दिलाय."