रिपोर्टातली खालची ओळ

सोनाळा,
९ जानेवारी

प्रिय प्रसेनजित,

सप्रेम जय भीम. तुझ्या चौकीवर फोन लागत नाही, म्हणून लिहिते. तिकडे बर्फ फार आहे का? इकडे हरभऱ्याला घाटे धरलेत. आई बरी आहे.

आबांना मंगळवारी अकोल्याला न्यावं लागलं. आता घरी आहेत. तीन उशा लावून बसल्या बसल्याच झोपतात. आडवं झालं की दम लागतो.

दिवाळीआधी त्यांचा इको काढला, तेव्हा मीच तुला कळवलं होतं, ‘पंपिंग साठ टक्के, हृदय ठणठणीत, सुट्टी वाया घालवू नको.’ मी नर्स, म्हणून सगळ्यांनी माझं ऐकलं. रिपोर्टात खाली आणखी एक ओळ होती. ती मी वाचलीच नाही.

त्या ओळीचा अर्थ डॉक्टरांनी आता समजावला. हृदय आवळतं चांगलं, पण नंतर नीट सैल पडत नाही. सैल पडलं तरच फुप्फुसातलं रक्त सहज आत येतं. ताठर राहिलं की रक्त मागे तुंबतं, फुप्फुसात पाणी होतं. चालताना ठोके वाढले की भरायला वेळही उरत नाही.

आणि मी त्यांना रोज चालवत होते. चौतीस वर्षं एसटीत उभ्यानं तिकिटं फाडलेला माणूस, दहा पावलांवर कुणाच्याही ओट्यावर बसायचा.

“थांब ना पोरी. मायाच्यानं चालनं होत नाही.”

“आळस नका करू, आबा. रिपोर्ट चांगला हाये.”

माझ्यावर विश्वास ठेवून ते उठायचे, रे. मंगळवारी उठले नाहीत. ओठ निळे पडले.

ऑपरेशनचं विचारलं. डॉक्टर म्हणाले, “त्याचा उपयोग नाही. पाणी कमी करू, बीपी सांभाळू. ताठरपणा पुरता जाईल असं औषध नाही.” आता गोळ्या देते, जेवणातलं मीठ कमी करते, पायाची सूज दाबून बघते. बोट उचललं तरी खड्डा तसाच राहतो. याहून जास्त काही माझ्या हातात नाही.

आणखी एक. दिवाळीत आबा म्हणाले होते, “प्रसेनजितले बोलाव. मले काही खरं वाटत नाही.” ते मी तुला सांगितलंच नाही. वाटलं, तू म्हणशील, ताई घरात असून आबांची ही गत! तू ती सुट्टी दुसऱ्याला देऊन टाकलीस.

काल त्यांनी विचारलं, “काऊन आला नाही तो?”

“सुट्टी नाही भेटली,” मी म्हटलं.

माफी मागत नाही. रजेच्या अर्जात ‘वडील आजारी’ लिहू नको. ‘गंभीर’ लिही.

तुझी ताई,
समता