मोठ्या आवाजाचं कुत्रं

माधवनगर,
४ जानेवारी १९७६

ती. दादास,
मनूचा शि. सा. नमस्कार वि. वि.

इकडे आम्ही तिघंही खुशाल आहोत. वहिनीने पाठवलेले हुलगे पोहोचले. सुली आता पालथी पडते आणि पालथी पडली की स्वतःच दचकते.

पत्रास कारण, मला एक कुत्रं पाहिजे. हसू नकोस. कुत्र्याला भिऊन बाभळीवर चढून बसलेली तुझी बहीण ती मीच, पण आता मला घरात कुत्रं हवं आहे आणि ते मोठ्या आवाजाचं हवं. रंग, शेपूट कसंही चालेल. मी मागच्या नळावर असले तरी आत काही झालं की मला कळलं पाहिजे, एवढा आवाज असावा. आपल्या राणीची पिल्लं आता मोठी झाली असतील, म्हणून तुला लिहिते.

यांना मिलमध्ये दुसरी पाळी लागली आहे. दुपारी तीनला गेले की घरी आम्ही मायलेकीच. दोन खोल्यांचं घर, त्यात एवढी कसली भीती म्हणशील. तर ऐक. मागच्या महिन्यात आत्याबाई पाटणहून न कळवता आल्या. मी नळावर धुणं धूत होते आणि सुली पाळण्यात रडून रडून निळी पडली होती. शेजारच्या हुसेनबीने तिला उचललं. आत्याबाईंनी ते दारातून पाहिलं आणि सगळ्या चाळीसमोर म्हणाल्या, की पोरीच्या रडण्याचं हिला काय बी वाटत न्हाई, अशा सुनेजवळ माझी नात ठेवायची न्हाई. सुली सहा महिन्यांची झाली की शिमग्याला येऊन तिला घेऊन जाणार आणि शेळीच्या दुधावर वाढवणार आहेत. हे आईपुढे तोंड उघडत नाहीत.

दादा, मी कामाच्या नादात होते, दुसरं काही नाही. पोर रडलं की भुंकायचं, हे कुत्र्याला शिकवता येतं ना? शिमग्याला फार दिवस उरले नाहीत. लवकर लिही.

माझ्यावरचा लोभ थोडा कुत्र्याकडे वळवलास तरी चालेल.

तुझी,
मनू


दहिवडी (ता. माण),
१० जानेवारी १९७६

चि. सौ. मनूस,
लालासाहेबाचे अनेक आशीर्वाद वि. वि.

तुझं पत्र तुझ्या वहिनीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, मनूताईच्या घरी कुत्रं जाणार म्हणजे मनूताईसाठी एक बाभळ पण पाठवा.

राणीची तीन पिल्लं तू पाहिलेलीच आहेस. तू इथे बाळंतीण होतीस तेव्हा दोघी बाळंतिणींना एकाच चुलीवरची पेज जात होती. आता तिन्ही पाच महिन्यांची झाली आहेत, तेव्हा स्थळं सांगतो, पसंती तुझी. पहिला काळा. त्याचं ठरलं आहे, तो नाथाजीच्या मळ्यात जायचा. दुसरा लाल्या. हा तुझ्या मागणीतला. वाड्यात भुंकला तर ओढ्यापलीकडे माणसं काम थांबवून बघतात. पलटणीत असता तर बिगुल वाजवायला ठेवला असता.

तिसरी पांढऱ्या पायांची कुत्री. ती सहसा भुंकत नाही. तिची खोड निराळी आहे. कोकरू ओरडलं की मी जिथे बसलो असेन तिथे येते आणि विजारीचं टोक दातात धरून ओढत राहते. उठेपर्यंत सोडत नाही, मारलं तरी नाही. माझ्या दोन मिलिटरीच्या विजारी तिने फाडल्या. तिला आम्ही चिकाटी म्हणतो. मादी म्हणून तिला कोणी विचारतही नाही.

आत्याबाईंचं मनावर घेऊ नको. पण मनू, तू पोराचं रडणं सोडून धुण्यात रमणारी बाई नाहीस. म्हणून तुझं पत्र मी पुन्हा वाचलं. प्रकृती बरी आहे ना? इथल्या वीस दिवसांच्या तापाने तुला फार खाल्लं होतं.

एक गोष्ट मनात आहे, ती लिहून टाकतो. दिवाळीनंतर तू निघालीस तेव्हा सुलीचं दुपटं माझ्या हातात राहिलं होतं. एसटीच्या मागे धावत मी चार हाका मारल्या. तू दारातच उभी होतीस, पण वळून पाहिलं नाहीस. त्या दिवशी मी जेवलो नाही. सांगलीला जाऊन बहीण मोठी झाली असं मनात आलं. खोटं असेल तर रागाव.

पसंती कळव, आणि जमलं तर दुपट्याबद्दलही लिही.

तुझा,
दादा


माधवनगर,
१७ जानेवारी १९७६

ती. दादास,
मनूचा शि. सा. नमस्कार वि. वि.

लाल्या पसंत आहे. ओढणारी कुत्री घेऊन मी काय करू? इथे माझी दोनच धड लुगडी आहेत.

एसटीच्या घरघरीत तुझी हाक ऐकू आली नाही रे. तू जेवला नाहीस हे वाचून मलाही घास गिळेना. असं मनात ठेवत जाऊ नकोस.

यांनी परवानगी दिली आहे, पण कुत्र्याने उंबऱ्याच्या आत यायचं नाही असं बजावलं आहे. उंबऱ्यापासून पाळणा सात पावलांवर आहे, मी मोजून पाहिलं. तेवढ्यावरून त्याला रडणं ऐकू जाईल. पोत्याचं अंथरूण शिवलं, पाण्याला मातीचं भांडं आणलं. हुसेनबी म्हणाली, जावयाची सुद्धा एवढी तयारी कोणी करत नाही.

रमजानभाईंचा ट्रक या आठवड्यात सांगलीला येणार असेल तर त्यातून पाठव. मी रोज दिवस मोजते आहे.

वहिनीला नमस्कार, आणि तुझा रुसवा गेला असेल तर तसं दोन ओळीत कळव.

तुझी,
मनू


माधवनगर,
२ फेब्रुवारी १९७६

ती. दादास,
मनूचा शि. सा. नमस्कार वि. वि.

लाल्या पोहोचला त्याला आठ दिवस झाले. देखणा आहे, सुलीचे पाय चाटतो, भाकरी टाकली की अधांतरीच झेलतो. पण दादा, तू मला फसवलंस की तुझीच फसगत झाली ते समजत नाही. लाल्या मुका आहे.

तो तोंड उघडतो. मान वर करतो, पोट आत ओढतो, सगळं करतो, पण आवाज फुटत नाही. मला वाटलं ट्रकच्या वाऱ्याने घसा धरला असेल. हळद घालून दूध दिलं, पण काही फरक नाही. रमजानभाईंनी वाटेत कुत्रं तर बदललं नाही ना? तिथे असताना तो खरंच भुंकत होता का, हे मला नक्की सांग. नीट आठवून सांग.

परवा सुली पुन्हा रडली. मी नळावर होते. हुसेनबी तिला कडेवर घेऊन माझ्यासमोर येऊन उभी राहिली तेव्हा मला कळलं.  लाल्या तिच्या पायाशी तोंड उघडून उभा होता. मला त्याचा इतका राग आला की मी त्याला ओल्या कपड्याने मारलं, आणि मग रडत बसले.

शिमगा दीड महिन्यावर आला. या कुत्र्याचं मी काय करू?

लोभ राहू दे. मला सध्या त्याची फार गरज आहे.

तुझी,
मनू


माधवनगर,
३ फेब्रुवारी १९७६

रा. रा. लालासाहेब पाहुणे यांस,
जोतीरामचा स. न. वि. वि.

आपल्याला लिहायला संकोच वाटतो, कारण कुत्रं आपण प्रेमाने दिलं आहे. पण लाल्याने आमच्या चाळीत कोणाला सुखाने राहू दिलेलं नाही. इथली निम्मी माणसं रातपाळी करून दिवसा झोपतात. लाल्या दुपारी सुरू झाला की भिंतीवरची भांडी हलतात. काल तिघं जण दारात आले होते. आमच्या खात्याचे मुकादम आप्पासो जॉबर म्हणाले, की तुमच्या कुत्र्यापरीस मिलचा भोंगा बरा, त्यो वाजून गप तरी व्हतो.

नवल म्हणजे मनू त्याला एका शब्दाने दटावत नाही. तो शेजारी उभा राहून ओरडतो आणि ही शांतपणे तांदूळ निवडत असते.

आपण वडील, म्हणून विचारतो. तिने आपल्याला काही लिहिलं आहे का? पाळी बदलल्यापासून, त्याच्याही आधीपासून, ती माझ्याशी धड बोलत नाही. मागून काही विचारलं तर उत्तर देत नाही. आईला वाटतं तिला गर्व झाला. मला वाटतं ती माझ्यावर रुसली आहे, आणि माझं काय चुकलं ते मला सापडत नाही.

कुत्र्याचं काय करायचं ते आपणच सांगावं. या पत्राने आपल्यातला स्नेह कमी होऊ नये.

आपला,
जोतीराम


दहिवडी,
८ फेब्रुवारी १९७६

चि. सौ. मनूस,
दादाचे अनेक आशीर्वाद वि. वि.

एकाच घरातून, एकाच टपालाने मला दोन पत्रं आली. एकात लिहिलं आहे की लाल्या मुका आहे. दुसऱ्यात तुझा नवरा लिहितो की लाल्याच्या आवाजाने भांडी हलतात. दोन्ही पत्रं मांडीवर घेऊन मी वाड्यातल्या दगडावर बसून राहिलो. तुझ्या वहिनीने दोनदा जेवायला हाक मारली, तीही मला कळली नाही.

मनू, लाल्या भुंकतो. तो तिथेही भुंकत होता आणि तुझ्याकडेही भुंकतो आहे.

हे मी तीनदा लिहून खोडलं. पण तू मला दोनदा लिहिलंस, की नक्की सांग, म्हणून सांगतो. तुलाही हे आतून माहीत असावं. पलटणीत आमच्यात एक जण होता, तोफेजवळ कान गेलेला. सहा महिने त्याने कोणाला कळू दिलं नाही. तो आमच्या ओठांकडे बघत राहायचा. तू बाळंतपणानंतर तशीच बघत होतीस आणि मी म्हणत होतो, तापाने पोरगी खुळावली. एसटीमागे धावून हाका मारणारा आणि वर रुसून बसणारा मीच खुळा. मला माफ कर.

आता ऐक. लाल्याला न्यायला मी स्वतः येतो आणि चिकाटीला घेऊन येतो. तिला भुंकायची गरज नाही. पण माझी एक अट आहे. मी येण्याआधी तू दाजींना सगळं सांगायचं. त्यांना वाटतं तू त्यांच्यावर रुसली आहेस. ते बिचारे त्यांची चूक शोधत बसले आहेत.

घाबरू नको. मी आहे, आणि दाजी मला वाटत होतं त्यापेक्षा चांगले आहेत.

तुझा,
दादा


माधवनगर,
१६ फेब्रुवारी १९७६

ती. दादास,
मनूचा शि. सा. नमस्कार वि. वि.

तुझं पत्र वाचून मी दिवसभर कोणाकडे बघितलं नाही. लाल्यापुढे जाऊन बसले. त्याने तोंड उघडलं तेव्हा त्याच्या गळ्यावर हात ठेवला. हाताला सगळा आवाज लागला.

ताप उतरला तेव्हापासून कानात नुसतं घूं घूं होतं. वाटायचं, आज ना उद्या उतरेल. समोरून कोणी बोललं की ओठांवरून कळतं, पाठ वळली की संपलं. झोपते ती सुलीच्या पोटावर हात ठेवून. दिवसा हातातलं काम टाकून शंभरदा पाळण्यात डोकावते, आणि एखाद्या वेळी चुकते तेवढंच नेमकं लोकांना दिसतं. बहिरी म्हटलं की पोर गेलीच, असं मनाने घेतलं होतं. मोठ्या आवाजाचं कुत्रं मिळालं तर निभावेल वाटलं. लाल्या मुका निघावा असं मला फार वाटत होतं रे.

यांना सांगितलं.  हे माझ्यासमोर येऊन, तोंड उजेडाकडे करून म्हणाले, की मला वाटलं तू बोलणं टाकलंस. मिरजेला दाखवून आलो. गेलेलं परत येणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलं. येताना यांनी माझा हात भर रस्त्यात धरला, तो घरापर्यंत सोडला नाही.

आत्याबाईंना मात्र अजून सांगितलेलं नाही. तिथे हेही माझ्याइतकेच भितात.

लवकर ये. तुझ्या पत्रात मला तुझा आवाज अजून येतो, तेवढा लोभ असाच येत राहो.

तुझी,
मनू


माधवनगर,
२१ मार्च १९७६

ती. दादास,
मनूचा शि. सा. नमस्कार वि. वि.

तू चिकाटीला सोडून गेलास त्याला तीन आठवडे झाले. पहिले दोन दिवस ती पोत्यावर तोंड खुपसून पडली होती. तिसऱ्या दिवशी सुली रडली असावी, कारण मी भाकरी थापत होते आणि माझा पदर मागून ताणला गेला. मी पाळण्याकडे गेले तेव्हा तिने सोडला. यांनीही तिला एक शिकवलं आहे. हे लांबून मनू म्हणतात, ती येऊन मला ओढते, आणि तिला भाकरीचा तुकडा मिळतो. उंबऱ्याच्या आत न येण्याचा नियम कोणी मोडला ते विचारू नको. आता माझ्या दोन्ही लुगड्यांना भोकं आहेत.

आत्याबाई शिमग्याच्या दुसऱ्या दिवशी आल्या. बरोबर सुलीसाठी नवी कुंची आणि मोठी पिशवी. कुत्री घरात बघून त्यांनी नाक मुरडलं. दुपारी मी नळावर गेले. जाताना सुली झोपली होती आणि आत्याबाई दारात सुपारी कातरत बसल्या होत्या. हे पाळीला निघायच्या तयारीत होते, पुढचं यांनी पाहिलं. सुली उठून रडायला लागली. हे उठणार तोच आत्याबाईंनी हाताने थांबवलं. आई कवा येतीया बघू दे, म्हणाल्या. चिकाटी पाळण्यापाशी गेली, मग त्यांच्या पायांवरून उडी मारून नळावर आली. मी पिळा तसाच टाकून धावत आत आले आणि सुलीला उचललं. माझे हात साबणाचे होते.

 आत्याबाईंनी संध्याकाळपर्यंत मला पुन्हा दोनदा बाहेर पाठवलं, आणि दोन्ही वेळा मी पदराला ताण बसून परत आले तर त्या माझ्याकडे नाही, कुत्रीकडे बघत होत्या. जेवताना त्यांनी स्वतःच्या वाटीतलं दूध भाकरीवर ओतून तिच्यापुढे ठेवलं.  आता त्यांना सगळं कळलं, सकाळी पोर घेऊन जाणार, असं वाटून मी माझी भाकरी तशीच झाकून ठेवली.

सकाळी त्यांनी सुलीला तेल लावून न्हाऊ घातलं. नवी कुंची चढवली. मी भिंतीला टेकून उभी होते. मग त्यांनी सुलीला माझ्या हातात दिलं, माझी हनुवटी धरून तोंड स्वतःकडे वळवलं आणि हळूहळू म्हणाल्या, की पोर आईपाशीच ऱ्हाऊ दे. मला एक एक अक्षर दिसलं. पिशवी त्यांनी रिकामीच घडी केली.

आम्ही त्यांना स्टँडवर सोडायला गेलो. सुली माझ्या कडेवर, चिकाटी पायाशी. त्या गाडीत बसल्या, मी नमस्कार करून परत फिरले. दहा पावलं आले असेन, तोच माझा पदर जोरात ओढला गेला. वळले तर आत्याबाई खिडकीतून अर्ध्या बाहेर वाकून हात हलवत होत्या. गाडी वळेपर्यंत आम्ही दोघी एकमेकींकडे बघत होतो. घरी येताना यांनी सांगितलं, की आईने हाक तुला मारलीच नव्हती, तुला वळवायला चिकाटीला मारली होती.

दादा, या खेपेला मी वळून पाहिलं.

ते दुपटं अजून तुझ्याकडेच आहे. घेऊन ये.

तुझी,
मनू